मोटारीतली करकर

बीबीहून मेहकरकडे मोटारीने निघावे, रस्ता जरा खडबडीत लागावा, आणि डॅशबोर्डातून बारीकशी करकर सुरू व्हावी, हा अनुभव पुष्कळांना असेल. बैलगाडीचा आख करकरला की वंगण घालायचे, ही आपली पिढीजात सवय. मोटारीच्या आतल्या भागांना मात्र हा उपाय लागू पडत नाही. का, ते पाहू.

हे आवाज दोन जातींचे. ढिला भाग शेजारच्या भागावर आपटला की खडखड होते. दोन भाग घासले की करकर. घासताना ते क्षणभर चिकटतात, ताण साचला की निसटतात, पुन्हा चिकटतात. सारंगीचा गज तारेवर हेच करतो. तिथे त्याला सूर म्हणतात, इथे कटकट!

सकाळी करकरणारी गाडी दुपारी गप्प का बसते? तापमान 30 अंशांनी वाढले तर मीटरभर पोलादी पट्टी मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी लांबते. प्लास्टिक त्याच्या कित्येक पट वाढते. वऱ्हाडातल्या उन्हात काही फटी मिटतात, गारव्यात उघडतात. तेव्हा आवाज ज्या वेळी येतो त्याच वेळी शोधावा.

आधी खण आणि दारातले कप्पे रिकामे करा. निम्मे चोर तिथेच सापडतात, एखादे नाणे, चष्म्याचे घर. मग गाडी दुसऱ्याला हळू चालवायला सांगा आणि आपण शेजारी बसून एकेक भाग तळव्याने दाबा. दाबताच आवाज थांबला, की जागा सापडली. नुसत्या कानावर भिसता ठेवू नका. आवाज पत्र्यातून दूरवर वाहत जातो.

तुटकी क्लिप बदला, घासणाऱ्या जागी फेल्टची पातळ पट्टी चिकटवा. दाराच्या रबराला सिलिकोन चालते. साध्या तेलाने मात्र रबर फुगते. एअरबॅगवरची आवरणे घरी उघडू नका, त्यांच्या फटीत काही कोंबूही नका.

आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या. ब्रेक दाबताना किंवा स्टिअरिंग वळवताना आवाज बदलला, तर तो बहुधा आतल्या प्लास्टिकचा नव्हे. पट्ट्या चिकटवत बसू नका. त्याच दिवशी मेकॅनिककडून चाके, ब्रेक आणि सस्पेन्शन तपासून घ्या. तिथली हयगय जिवावर बेतू शकते.