आधी ओहम, मग धडामधूम!

‘अगं, काहीतरी जळतंय!’ खंबाटकी घाटात आई म्हणाली. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा क्लच असेल. पण वास आमच्याच डिकीतून येत होता. गाडी बाजूला घेऊन बघते तर काय, आठच दिवसांपूर्वी बसवलेला ॲम्प्लिफायर तव्यासारखा तापलेला! लाल दिवा चालू, आवाज बंद आणि माझी दोन महिन्यांची फ्रीलान्स कमाई... धुरात.

खोक्यावरचं ‘२००० वॅट्स’ वाचून मी भुलले होते. दोन बारा इंची सबवूफर, एक मोनोब्लॉक ॲम्प आणि माझी सेकंडहँड स्विफ्ट. आणखी काय हवं? दुकानदार मला सोडून सोबतच्या मित्रालाच सगळं समजावत होता. त्या बिचाऱ्याला तर गाडीही चालवता येत नाही!

मग एक मुरलेला कारागीर भेटला. त्याने आधी मल्टिमीटर काढला. ‘मॅडम, खोक्यावरचे वॅट सोडा. आधी ओहम बघा.’ त्या दुपारी मी जे शिकले, ते तुमच्यासाठी.

वॅट्सचा फंडा

मोठ्या अक्षरातला आकडा असतो ‘पीक’चा, म्हणजे क्षणभराचा. खरा आकडा ‘आरएमएस’चा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा. माझा ‘२०००’वाला ॲम्प प्रत्यक्षात ४ ओहमला ३०० आणि २ ओहमला ५०० वॅट्स देणारा निघाला. सबवूफर आणि ॲम्प यांचे आरएमएस आकडे जवळपास जुळले, की अर्धं लग्न जमलं म्हणायचं!

ओहमची कुंडली

ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध. तो जितका कमी, तितका ॲम्पमधून करंट जास्त. माझ्या प्रत्येक सबवूफरला ४ ओहमच्या दोन कॉइल होत्या. पहिल्या फिटरने चारही कॉइल पॅरलल जोडल्या. म्हणजे ४ भागिले ४, फक्त १ ओहम! ॲम्पची सहनशक्ती २ ओहमपर्यंतच. दुसरं काय होणार?

आता उपाय दोन. प्रत्येक सबच्या दोन कॉइल सिरीजमध्ये जोडायच्या, म्हणजे ८ ओहम. मग दोन्ही सब पॅरलल, म्हणजे ४. ॲम्प सुखी, पण मिळणार ३०० वॅट्स. किंवा एकच सब ठेवून त्याच्या दोन कॉइल पॅरलल करायच्या. मग २ ओहम आणि पूर्ण ५०० वॅट्स. माझा सब तेवढे पेलणारा होता. कागदावर दोन्हींच्या आवाजात एक डेसिबलचाही फरक नाही. मी दुसरा सब विकला. आता डिकीत आईची बॅगही बसते!

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

सगळ्यात जास्त पोपट इथे होतो. ॲम्पवरची गेनची कळ फुल फिरवली, की सिग्नल माथ्यावर कापला जातो. त्याला म्हणतात क्लिपिंग. त्याने सबची कॉइल भाजते. कारागिराने सबच्या वायरी काढल्या, ५० हर्ट्झचा टोन लावला आणि मल्टिमीटर बघत गेन वाढवला. हिशेब सोपा आहे : वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५०० गुणिले २ म्हणजे १०००. वर्गमूळ साधारण ३१.६. तेवढे व्होल्ट आले की हात मागे! लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवला, की सब फक्त बेसच वाजवतो.

खरी भीती

एवढ्यावर भागलं नाही. बॉनेट उघडून कारागीर गप्पच झाला. बॅटरीतून निघालेली केबल पत्र्याच्या भोकातून रबरी बूच न लावताच आत नेलेली. वरचं आवरण निम्मं घासलेलं. फ्यूज होता, पण मागे ॲम्पजवळ! केबल वाटेत पत्र्याला टेकली असती, तर तो उडालाच नसता. शॉर्ट, ठिणगी आणि आग... शेजारच्या सीटवर आई होती हो!

म्हणून लक्षात ठेवा, फ्यूज बॅटरीपासून फार तर ४५ सेंटिमीटरवर हवा. ५०० वॅट्सला जाड केबल हवी, शुद्ध तांब्याची चार गेजची. पैसे वाचवायचे तर सबच्या इंचात वाचवा, वायरीत नाही.

आता आमचा बेस एकदम सही आहे. छातीत जाणवतो, पण काच थरथरत नाही. रात्री दहानंतर मात्र मी स्वतःच आवाज उतरवते. सोसायटीत रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि आमच्या वॉचमनकाकांची त्याहूनही कमी!

परवा पुन्हा साताऱ्याला निघालो. घाट लागला. आई हवेत नाक वर करून दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, ‘ठीक आहे. लाव तुझं धडामधूम!’