कुऱ्हाडीचा रोजा

मगरिबची अजान कानावर पडली की रोजेदाराचा हात सर्वांत आधी खजुराकडे जातो. अरबस्तानच्या वाळवंटात हे झाड केवळ फळापुरते नव्हते. मदिनेत प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी उभारलेल्या मशिदीचे खांब खजुराच्या खोडांचे होते आणि छप्पर त्याच्याच झावळ्यांचे. एका खोडाला टेकून प्रेषित प्रवचन देत. पुढे त्यांच्यासाठी लाकडी मिंबर, म्हणजे व्यासपीठ तयार झाले, तेव्हा ते खोड रडू लागले. प्रेषितांनी जवळ जाऊन त्यावर हात ठेवला तेव्हा कुठे शांत झाले, अशी आठवण हदीसमध्ये येते.

झाड लावणे हे इस्लाममध्ये दान आहे. त्याचे फळ माणसाने खाल्ले, पाखराने खाल्ले की जनावराने, लावणाऱ्याच्या नावे सदका जमा होतो. हे बहुतेकांना ठाऊक असते. पावसाळ्यात रोपासोबत फोटोही भरपूर निघतात. अवघड आहे ते पुढचे, न तोडण्याचे. रोजा तरी काय असतो? समोर पाणी आहे, एरवी प्यायला कुणाची मनाई नाही, तरी हात आवरायचा. पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांनी शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूला सैन्य धाडताना ताकीद दिली होती, की फळझाडे तोडू नका. लढाईतही कुऱ्हाड आवरायची! रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही हीच कळकळ दिसते. आरमाराला लाकूड लागते, हे खरे. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत.

आपल्या जिल्ह्यात हा संयम एका अख्ख्या गावाने पाळला. नगर तालुक्यातले हिवरे बाजार. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची रया गेली होती. सरपणासाठी झाडे तुटली, डोंगर बोडके झाले, पावसाचे पाणी माती घेऊन वाहून जाऊ लागले. विहिरी आटल्या आणि माणसे पोटासाठी गाव सोडू लागली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदान सुरू झाले, उतारावर चर खोदले गेले, झाडे लागली. पण झाडे सरकारी योजनांतून इतर गावांतही लागली होती. इथे ती जगली, कारण गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ठरवली आणि पाळली. ज्याच्या घरी चूल पेटवायची आहे आणि दावणीला शेळ्या आहेत, त्याला हे किती जड गेले असेल, याचा विचार शहरात बसून करणे सोपे नाही. एखाद्या घराने गुपचूप एक फांदी तोडली असती, तर दुसऱ्याने का थांबावे?

पाऊस आजही बेताचाच पडतो. पण मुळांनी माती धरली, पाणी जमिनीत मुरू लागले, विहिरींना पाणी आले, बाहेर गेलेली कुटुंबे परतली. याच गावाने आपल्यातल्या एकुलत्या एका मुस्लिम कुटुंबासाठी मशीद बांधून दिली.

डोंगरावर आता गवतही माजते. ते गावाच्या नियमाने कापून न्यायचे असते. विळा चालतो, कुऱ्हाड नाही.