विमानाच्या आकड्यातले सदतीस

माझ्या लहानपणी दारव्ह्याच्या रस्त्यावर एक जुनाट मोटार धावायची. तिला सगळे ‘डकोटा’ म्हणत. नावाचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता आणि विचारायची गरजही वाटत नव्हती. पुढे कळले की डकोटा हे विमान. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली डकोटा विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. नागपूरच्या आकाशातला तो शब्द आमच्या रस्त्यावर उतरला असावा, असे मला वाटते.

डकोटा हे कारखान्याने ठेवलेले नाव मात्र नव्हे. डग्लस कंपनीच्या वहीत ते ‘डीसी-३’ होते, म्हणजे डग्लसचे तिसरे व्यापारी विमान. अमेरिकी लष्कराने त्याला ‘सी-४७’ म्हटले आणि ब्रिटिश हवाई दलाने ‘डकोटा’. आपल्याकडे ब्रिटिशांचे नाव रुजले.

बोइंगचा हिशेब अधिक कडक. प्रवासी जेट विमानांसाठी कंपनीने सातशेचा गट राखून ठेवला. सरळ ७०० म्हणण्यापेक्षा ७०७ कानाला बरे वाटले आणि मग ७२७, ७३७, ७४७ अशी रांग लागली. ७०७ हा आकडा पंखाच्या ४५ अंश कोनाच्या साइनवरून आला, असे हौशी मंडळी छातीठोकपणे सांगतात. त्या विमानाच्या पंखांचा कोन ३५ अंशांचा आहे, एवढे सांगितले की वाद संपतो.

माझे घोडे अडले ते पुढच्या आकड्यांवर. एअर इंडियाची ७०७ विमाने ‘७०७-४३७’ होती आणि जंबो ‘७४७-२३७ बी’. कात्रणांच्या वहीत मी कितीतरी वर्षे ४३७ हे एखाद्या सुधारित नमुन्याचे नाव समजून नोंदवत होतो. मग ब्रिटिश कंपनीचे ‘७०७-४३६’ आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासचे ‘७०७-१३८’ वाचनात आले आणि आकडा सुटा करून पाहायची बुद्धी झाली. पहिला अंक मालिकेचा. ७०७ मध्ये चार म्हणजे रोल्स-रॉइसची कॉन्वे इंजिने. उरलेले दोन अंक गिऱ्हाइकाचे. पॅन ॲमचा २१, ब्रिटिशांचा ३६, एअर इंडियाचा ३७, क्वांटासचा ३८. विमान ज्याने नवे मागवले, त्याचा शिक्का त्याच्या नंबरातच बसे. पुढे विमान दहा वेळा विकले गेले तरी तो पुसला जात नसे. माहेरचे आडनाव सासरी बदलते, हे बदलत नाही. दोन अंकी आकडे संपले तेव्हा अक्षरे आली. इंडियन एअरलाइन्सच्या वाट्याला ‘ए८’ आले, म्हणून तिची विमाने ‘७३७-२ए८’.

हा सातबारा वाचता येऊ लागला आणि माझी वही जड झाली. एअर इंडिया आपल्या ७०७ विमानांना हिमशिखरांची नावे देई. त्यांतले ‘कांचनजंगा’ २४ जानेवारी १९६६ रोजी युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. जंबोंना सम्राटांची नावे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘एम्परर अशोक’ वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले, २१३ जण गेले. २३ जून १९८५ रोजी अटलांटिकवर ‘कनिष्क’ बॉम्बस्फोटाने फुटले, ३२९ जण गेले. तिन्ही विमानांच्या नंबरात सदतीस आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी हे ऐकून लगेच अंकशास्त्र काढले. त्यांना सांगावे लागले की याच सदतीसने लाखो माणसे सुखरूप घरी पोचवली. तो शकुन नव्हे, मालकाचे नाव आहे.

कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसाला एक नोंद चटका लावते. २६ एप्रिल १९९३ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत चिकलठाणा विमानतळावरून उडालेले ‘७३७-२ए८’ धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकला घासले. ट्रकवर कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या. विमानातल्या ११८ पैकी ५५ जण दगावले.

युरोपच्या एअरबसने ही पद्धत घेतली नाही. ‘ए-३००’ मधले तीनशे म्हणजे योजलेली आसने. प्रत्यक्षात विमान लहान झाले, पण आकडा राहिला. पुढे ३१०, ३२०, ३३०, ३४० अशा दहादहाच्या पायऱ्या. मग एकदम ३८०, कारण आठचा आकार दुमजली विमानासारखा दिसतो आणि पूर्व आशियात आठ शुभही मानतात. शेपटीच्या तीन अंकांत मधला अंक इंजिन बनवणाऱ्याचा असतो. इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० होते ‘२३१’, म्हणजे दोनशेची मालिका, तीन नंबरचा इंजिनवाला, पहिली आवृत्ती. इंडिगोची आजची काही विमाने ‘२७१ एन’ आहेत. त्यातला ‘एन’ निओचा. गिऱ्हाइकाला इथे जागाच नाही.

आता बोइंगनेही ती जागा काढून घेतली. ७८७ च्या नंबरात नुसते ‘८’, ‘९’ किंवा ‘१०’ असते. ‘ड्रीमलायनर’ हे त्याचे नाव २००३ साली लोकांची मते मागवून ठरले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत पडलेले विमान ‘७८७-८’ होते. बातम्यांत दिवसभर ड्रीमलायनर हाच शब्द ऐकू येत होता. सवयीने मी वहीत सदतीससाठी जागा सोडली होती, ती कोरीच राहिली.

राष्ट्रपती-पंतप्रधानांना नेणारी दोन ७७७ विमाने मूळ एअर इंडियाने मागवलेली. आता ती हवाई दलाकडे आहेत आणि अंगावर ‘भारत’ लिहिलेले आहे. कागदावर मात्र ती अजून ‘७७७-३३७ ईआर’च आहेत.