‘कुणी ओळखीचा आहे का?’

पाच ग्रामपंचायती एकत्र होऊन 1985 साली मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, तेव्हा इथे घर घेणाऱ्या कित्येक कुटुंबांचा सीए, वकील आणि विम्याचा एजंट मुंबईतच राहिला होता. नवा हवा असला तर लोकलच्या डब्यात विचारायचं, ‘कुणी ओळखीचा आहे का?’ 2002 साली महापालिका झाली, 2011 च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांवर गेली, स्टेशनबाहेर सल्लागारांच्या पाट्या लागल्या. प्रश्न मात्र तोच राहिला.

त्याला कारण आहे. सीएला जाहिरात करून काम मागता येत नाही. वकिलांनाही बंदी आहे. 2008 पासून वकिलांना वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहिती देण्याची मुभा मिळाली. म्हणजे शब्द टाकणारा माणूस हाच मार्ग. या शब्दाला भाव चढू नये, याचीही काळजी कायद्याने घेतली आहे. वकिलाला वकील नसलेल्या कुणाशीही फी वाटून घेता येत नाही, सीएला दलालाला कमिशन देता येत नाही. ही बंधनं मला योग्यच वाटतात. पैसे घेऊन सुचवलेल्या नावावर कोण विश्वास ठेवणार?

पण नाव मिळालं म्हणून अडचण संपत नाही. सहकार कायद्यातल्या 2013 च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण सोसायटीचा लेखापरीक्षक सरकारी पॅनेलमधून निवडणं सर्वसाधारण सभेच्या हाती आलं. त्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास आणि मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) यांची भर. एकाच सेक्रेटरीला सीए, वकील आणि आर्किटेक्ट असे तिघे लागू लागले. तिघांकडे कागदांची तीच पिशवी घेऊन जायचं आणि तीच कहाणी पहिल्यापासून सांगायची.

जीएसटीने तर ही अडचण उघडीच पाडली. 1 जुलै 2017 नंतर घाईघाईत नोंदण्या झाल्या, तेव्हा अनेक छोट्या व्यापाऱ्यांच्या खात्यावर मोबाइल आणि ईमेल सल्लागाराचेच पडले. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या एखाद्या कारखानदाराला सल्लागार बदलायचा झाला, तर ओटीपी जुन्याकडे जातो. जुना फोन उचलत नसेल, तर नव्याचं काम अडतं आणि रिटर्न लांबलं की विलंब शुल्क कारखानदाराच्या माथी. खरं तर दुसऱ्या सीएचं ऑडिट हाती घेण्याआधी त्याला लेखी कळवावं, असा सीएंचा नियमच आहे. हीच रीत प्रत्येक कामात हवी होती. नुसतं ‘माझं नाव सांगा’ म्हणून कुणाला पाठवण्यात त्या माणसाची सोय काहीच होत नाही.

आता मीरा रोडला न्यायालय आलं आहे. ठाण्याच्या खेपा कमी होतील, वकील हाकेच्या अंतरावर येतील, ओळखीने पाठवणंही वाढेल. म्हणून इथल्या सीए-वकिलांना कळकळीची विनंती: नाव सुचवाल तेव्हा एक नको, दोन-तीन सुचवा. त्यांच्यातलं कुणी तुमच्या नात्यातलं किंवा भागीदार असेल, तर आधी सांगा. सोबत एक पान लिहून द्या. त्यात काम काय, कुठे अडलंय, कोणते कागद जोडलेत एवढं असू द्या, आणि तेही पक्षकाराची परवानगी घेऊन. आणि सेक्रेटरींनो, दुकानदारांनो, ते पान मागितल्याशिवाय उठू नका. जीएसटी पोर्टलवर मोबाइल नंबर स्वतःचाच ठेवा.