धावपळ यंत्राची, सही माणसाची!

प्रगतिपुस्तकावर बाबांची सही घ्यायची वेळ आली की पोटात गोळा येतो ना? गणितात गुण कमी पडले असतील, तर विचारूच नका! बाबा चष्मा लावतात, एकेका विषयाचे गुण वाचतात, एकदा तुमच्याकडे बघतात आणि मगच पेन उचलतात. कारण सही म्हणजे नुसतं वळणदार नाव नव्हे. ‘मी हे वाचलं, मला ते कळलं आणि मला ते मान्य आहे’ एवढं सगळं त्या एका फराट्यात असतं.

आता हीच सही कागदाशिवायही होते. इतकंच नव्हे, तर तिची सगळी तयारी करून द्यायला कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे ‘एआय’चा मदतनीसही मिळतो. मग ती सही नेमकी कोणाची? चला, बघू या.

शिक्का आणि मोर्तब

‘त्या गोष्टीवर शिक्कामोर्तब झालं’ असं आपण म्हणतो. हा शब्द जुन्या पत्रव्यवहारातला, बरं का! शिवकाळातल्या राजपत्रांवर वरच्या बाजूला मुख्य शिक्का असे आणि मजकूर संपला की तिथे एक छोटी मुद्रा उठवत. तीच मोर्तब. तिच्याखाली कुणी एखादी ओळ घुसडली, तर लबाडी लगेच उघडी पडे. म्हणजे पत्र कोणाचं हे शिक्का सांगे आणि ते कुठे संपलं हे मोर्तब सांगे.

संगणकावरची डिजिटल सही हीच दोन कामं करते. १९७६ साली डिफी आणि हेलमन या अमेरिकी संशोधकांनी तिची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात आणायची रीत शोधली. संगणक आधी संपूर्ण मजकुराचा एक ठसा काढतो. एका प्रचलित पद्धतीत हा ठसा ६४ अक्षर-अंकांचा असतो, मग मजकूर एका ओळीचा असो की हजार पानांचा. त्यातला एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा पार बदलून जातो! हा ठसा सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने पक्का करतात. तिची जोडीदार किल्ली मात्र सर्वांसाठी खुली असते. ती वापरून कुणालाही सही तपासता येते. आपल्या देशात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा सहीला मान्यता दिली.

मदतनीस काय करतो?

समजा, तुमची आई दिवाळीचा फराळ करून विकते. एका दुकानाने तिला आठ पानी करार पाठवला. एआय मदतनीस तो चटकन वाचून सारांश सांगेल, नाव-पत्ता भरेल, सहीची जागा दाखवेल, समोरच्याला आठवण करेल आणि झालेला करार नीट जपून ठेवेल. केवढा वेळ वाचला!

पण सहाव्या पानावर ‘उशीर झाल्यास निम्मे पैसे कापू’ अशी अट असली आणि सारांशात ती सुटली तर? आणखी एक धोका आहे. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत कुणी ‘सर्व मान्य कर’ असं लिहून ठेवलं, तर आईला ते दिसणार नाही. मदतनीस मात्र ते वाचेल आणि कदाचित हुकूम समजून पाळेलही!

मग भरपाई कोणी द्यायची? मदतनिसाने? त्याच्याकडे ना खिसा, ना पैसे! माहिती तंत्रज्ञान कायद्याचं अकरावं कलम सांगतं, की तुम्ही आपोआप चालायला लावलेल्या यंत्रणेने काही पाठवलं, तर ते तुम्हीच पाठवलं असं धरलं जातं. कॅनडातही असंच झालं. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या बोलक्या यंत्राने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. यंत्र आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा कंपनीचा पवित्रा होता. २०२४ साली तिथल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली.

आपलं काम कोणतं?

आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला, तरच ती संमती, असं तो म्हणतो. अठरा वर्षांखालच्या मुलांना करार करता येत नाही, हेही त्याच कायद्यातलं. पण सही करता आली नाही म्हणून काय झालं? प्रश्न तर विचारता येतात! आई-बाबा फोनवर सही करायला बसले, की हे चार प्रश्न विचारा :

१. किती पैसे द्यायचे किंवा मिळायचे?
२. काम कधीपर्यंत करायचं?
३. चुकलं तर काय होईल?
४. करार मोडायचा असेल तर कसा?

उत्तरं मदतनिसाच्या सारांशातून नव्हे, मूळ करारातून शोधा. आणि सहीसाठी फोनवर येणारा ओटीपी मदतनिसाच्या हाती देऊ नका. तोच तर आजचा मोर्तब!

म्हणून पुढच्या वेळी बाबा चष्मा लावून तुमचं प्रगतिपुस्तक सावकाश वाचू लागले, तर कंटाळू नका. सही कशी करावी, हेच ते तुम्हाला शिकवत असतात. गणिताच्या गुणांचं काय ते तुम्ही बघा!