ब्राउझरचे विलगीकरण : कार्यालयीन दप्तराची संरक्षक भिंत

ग्रामपंचायती, शाळा आणि शासकीय कार्यालये यांचा बराचसा कारभार आज संगणकावर चालतो. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीची आकारणी, विद्यार्थ्यांची माहिती असे मोलाचे दप्तर ज्या संगणकात असते, त्याच संगणकावरून इंटरनेटवरील अनोळखी पानेही उघडली जातात. या दोहोंमध्ये भिंत असावी, हाच ब्राउझरच्या विलगीकरणामागील मूळ विचार होय.

संकेतस्थळाचे पान उघडले असता केवळ मजकूर व चित्रेच येत नाहीत. संगणकाने पार पाडावयाच्या आज्ञाही त्यासोबत येतात. ब्राउझरमध्ये एखादी उणीव राहिली असल्यास दुष्ट हेतूने लिहिलेल्या आज्ञा तिचा लाभ घेऊन संगणकातील फायलींपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून अशा आज्ञा मर्यादित अधिकारांच्या बंदिस्त जागेत चालविल्या जातात. २००८ साली आलेल्या गूगल क्रोममध्ये प्रारंभापासूनच ही योजना होती.

जानेवारी २०१८ मध्ये 'स्पेक्टर' हा प्रोसेसरमधील दोष जाहीर झाला. एका संकेतस्थळाच्या आज्ञांना दुसऱ्याची गोपनीय माहिती वाचता येण्याचा धोका त्यामुळे स्पष्ट झाला. त्याच वर्षी क्रोमने संगणकांवर प्रत्येक संकेतस्थळ स्वतंत्र कप्प्यात चालविण्याची पद्धत लागू केली. फायरफॉक्सनेही २०२१ मध्ये तोच मार्ग स्वीकारला.

याहून पुढची पायरी म्हणजे दूरस्थ विलगीकरण. यात ब्राउझर दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि कार्यालयातील पडद्यावर बहुधा त्याचे चित्रच तेवढे दिसते. काम संपताच तो कप्पा पुसून टाकता येतो. मात्र त्यासाठी खर्च येतो व चांगल्या वेगाची जोडणी लागते.

तथापि, बनावट पानावर आपण स्वहस्ते लिहिलेला पासवर्ड किंवा ओटीपी कोणतीही भिंत परत आणू शकत नाही. उतरवून घेतलेली फाइल बाहेर उघडली, तर तिच्यातील धोकाही कप्प्याबाहेर येतो. यास्तव ब्राउझर वेळोवेळी अद्ययावत करावा, दैनंदिन कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे आणि दप्तराची प्रत संगणकापासून अलग ठेवावी. या तिन्ही गोष्टींसाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती नियमितपणाची. गावाच्या नोंदी सुरक्षित राहणे हा प्रत्येक ग्रामस्थाच्या हक्काचा प्रश्न आहे, याचे भान संगणकासमोर बसणाऱ्या प्रत्येकाने ठेवावयास हवे.