'वरीलप्रमाणे'ची गंमत

बालमित्रांनो, तुमच्या घरातल्या कपाटात एखादा जुना कॅमकॉर्डर पडून आहे का? आईबाबांना विचारून बघा. त्याच्या कार्डात कुणाचं तरी बारसं असेल, ताईचा गॅदरिंगमधला नाच असेल, नाहीतर अंगणात बसून गोष्ट सांगणारे आजोबा असतील. पण तीन-चार तासांचं चित्रण सलग कोण बघणार? म्हणून त्यातले नेमके तुकडे कापायचे, जोडायचे आणि दहा मिनिटांची सुटसुटीत फिल्म करायची. यालाच संकलन म्हणतात.

आणि इथेच घोडं अडतं! कॉम्प्युटरवर चित्रण उघडावं, तर ते अडखळतं. आजोबांचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. जरा मागे जावं म्हटलं, तर चित्र जागच्या जागी थिजतं. मग घरात एकच निकाल लागतो, "नवा कॉम्प्युटर घ्यावा लागणार!" थांबा हं. एवढा खर्च करण्याआधी अडचण कुठे आहे ते तर बघू या.

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रं. आपल्याकडच्या कॅमकॉर्डरमध्ये साधारणपणे सेकंदाला २५. अशा एका चित्राला 'फ्रेम' म्हणतात. आता कागद-पेन्सिल घ्या. फुल एचडी फ्रेममध्ये आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. करा गुणाकार. झाले २०,७३,६००! प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर एका फ्रेमला सुमारे ६२ लाख बाइट लागतील आणि एका सेकंदाला साडेपंधरा कोटी! नखाएवढ्या कार्डात हे मावायचं कसं?

त्यासाठी कॅमेरा एक युक्ती करतो. ती तुमच्या ओळखीची आहे, बरं का. यादी लिहिताना पहिल्या ओळीत आपण गावाचं नाव पूर्ण लिहितो. खालची मुलंही त्याच गावची असली, की नुसती —॥— अशी खूण करतो. म्हणजे 'वरीलप्रमाणे'. कॅमेराही तेच करतो. एक फ्रेम पूर्ण ठेवतो. पुढच्या फ्रेममध्ये मागची भिंत तीच, तुळशीवृंदावन तेच. हलला तो फक्त आजोबांचा हात. मग भिंतीला 'वरीलप्रमाणे' आणि हाताचा बदल तेवढा लिहायचा. साधारण अर्ध्या सेकंदाने पुन्हा एक पूर्ण फ्रेम. काही फ्रेम तर इतक्या चतुर, की 'वरीलप्रमाणे'बरोबर 'खालीलप्रमाणे'ही वापरतात!

१९९५ मध्ये आलेल्या डीव्ही कॅसेटवर प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे ठेवलेली असे. चित्रासाठी सेकंदाला सुमारे ३१ लाख बाइट लागत आणि फ्रेममध्ये ठिपके असत ७२० गुणिले ५७६. पुढे २००६ मध्ये सोनी आणि पॅनासोनिक यांनी मिळून 'एव्हीसीएचडी' ही पद्धत आणली. तिला सुरुवातीला सेकंदाला जास्तीत जास्त ३० लाख बाइट लागत, आणि फुल एचडीचे ठिपके मात्र बरोबर पाचपट! ही सगळी 'वरीलप्रमाणे'ची कमाल. आजच्या मोबाइलचं चित्रणही साधारण याच जातीचं असतं.

मग अडखळायचं कारण काय? तुम्हांला कुणी म्हटलं, "बाराव्या ओळीतल्या मुलाचं गाव सांग," तर तुम्ही काय कराल? बोट वर वर नेत पूर्ण लिहिलेली ओळ शोधाल. कॉम्प्युटरलाही तसंच करावं लागतं. आधीची पूर्ण फ्रेम गाठायची आणि एकेक बदल करत पुढे यायचं. सरळ बघताना हे जमून जातं. पण संकलन करताना आपण सारखे मागे-पुढे उड्या मारतो, आणि दर उडीला त्याला नवी जुळणी करावी लागते. बिचारा आळशी नाही हो, कामाखाली वाकलेला आहे!

उपाय सोपा आहे. त्याला काम हलकं करून द्यायचं.

पहिलं म्हणजे, कार्डातलं सगळं कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. कार्ड लावून ठेवून त्यावरूनच संकलन करू नका.

दुसरं, चित्रणाची लहान प्रत करा. तिला 'प्रॉक्सी' म्हणतात. तिच्यात ठिपके कमी असतात, म्हणून ती भराभर उलगडते. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवणारी प्रॉक्सी केली, तर बोट वर न्यायलाही नको! केडेनलाइव्ह, शॉटकट ही प्रोग्रॅम फुकट मिळतात आणि त्यांत ही सोय आहे. प्रत तयार व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात जेवून घ्या.

तिसरं, कापाकापी, जोडाजोडी सगळी प्रॉक्सीवर करा. चित्र थोडं पुसट दिसेल. दिसू दे. ती कच्ची वही आहे.

चौथं, शेवटची फिल्म तयार करताना प्रोग्रॅम मूळ चित्रण घेतो ना, याची खात्री करा, आणि ही फिल्म एकदाच काढा. तयार फिल्म पुन्हा दाबली, तिच्यावरून आणखी एक काढली, की झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखं होतं. दर खेपेला थोडं पुसलं जातं.

आता पालकांसाठी दोन शब्द. फिल्म झाली म्हणून कार्ड पुसू नका. मूळ चित्रणाची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि ती उघडते का, ते तपासा. फिल्म बिघडली तर पुन्हा करता येईल. मूळ चित्रण गेलं, तर आजोबांचा तो आवाज कुठल्या दुकानात मिळणार?

मुलांनो, या सुट्टीत पाच मिनिटांची फिल्म करून बघा. आणि कॉम्प्युटर अडखळला, तर त्याच्यावर चिडण्याआधी त्याला कच्ची वही द्या!